खोट्या लग्नांची चुलमाटी

एका उन्हाळ्यात मी इतक्या लग्नांत नाचले, की खऱ्या वऱ्हाडणींनी माझी शिकवणी लावावी. त्यातलं एकही लग्न लागलं नाही. नवरेही नव्हते, नवऱ्याही नव्हत्या.

तेव्हा भिलाईच्या भट्ट्या नुकत्याच पेटल्या होत्या. नवरा कारखान्यात, आणि क्वार्टर मिळेपर्यंत मी सासू-सासऱ्यांकडे, उतईच्या बाजूला. सासऱ्यांनी भंडाऱ्याकडून येऊन इथे शेती केली होती. अर्धी कारखान्यात गेली; उरलेली धानाची जमीन एका टेकडीखाली होती. टेकडीत झरा होता. भर वैशाखातही त्यात घागर बुडायची. टेकडीमागे राखीव जंगल, आणि तिथली चितळं, मोर याच पाण्यावर यायचे.

त्या टेकडीवर एका ठेकेदाराला गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान हवी होती. गावाने अर्ज केला. जंगलखात्याचा नाकेदार आला, चुना फासलेला खांब दाखवून म्हणाला, "जंगल खांबाच्या पलीकडे. टेकडी अलीकडे. माझ्या हातात काही नाही."

"मोर का खांब पाहून पानी पेते?" सासूबाईंनी विचारलं.

तो हसला, झऱ्याचं पाणी प्याला आणि गेला.

मग सासूबाईंनी डोकं चालवलं. इकडे लग्नाआधी बायका वाजतगाजत जाऊन मांडवातल्या चुलीसाठी माती खणून आणतात. ती चुलमाटी. तिला कुणी अडवत नाही, आडवं जात नाही. खदानीवरचे मजूर आसपासच्याच गावांतले. सुरुंगाची भोकं पाडायला ते बसले, की आम्ही ढोलकी घेऊन हजर! मी पदर खोचून पुढे, गाण्यांत ठेकेदाराच्या मुनशीच्या मिशीचा उद्धार. मजूर घण खाली ठेवत. एकदोघे तर नाचायलाही लागले.

मुनशी नागपूरकडचा. दोन दिवस त्याने पाहिलं, तिसऱ्या दिवशी पुढे आला.

"कोनाचं लगन हाय, बाई?"

"पुतन्याचं," सासूबाई म्हणाल्या.

"काल बी पुतन्याचंच होतं नं?"

"तो मोठा. हा धाकटा."

"पुतने हायेत तरी किती?"

"देवानं मोजून नाही देले, भाऊ. तुले कावून फिकर? तुले पत्रिका देऊ का?"

मजूर खदाखदा हसले. त्या दिवशीही सुरुंग लागला नाही. सासूबाई घरी येऊन इतक्या हसल्या, की सासऱ्यांना ताक स्वतः घुसळून घ्यावं लागलं.

असा सगळा हंगाम निघाला. मग एका सकाळी मुनशी काखेत पंचांग घेऊन बसलेला दिसला. बाईमाणसाशी भांडायचं त्याने सोडूनच दिलं होतं.

"काल आषाढी एकादशी झाली, बाई," तो अगदी नरमाईने म्हणाला. "देव निजले. आता तुळशीचं लगन लागल्यावर या."

ढोलकी थांबली. मजुरांनी आमच्याकडे पाहिलं, मग घणांकडे.

मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "आत्याबाई, वाजवू द्या नं. नाही तरी सारं खोटंच हाय."

"खोटं हाय म्हनून का अवेळी करू?" त्या म्हणाल्या. "देव निजले असताना चुलमाटी खनते का कोनी?"

त्यांनी हातातली कुदळ माझ्याकडे दिली आणि उतरू लागल्या. मुनशीला हंगामभर बनवलं होतं, त्यात त्यांना काडीचा संकोच नव्हता. पण हे त्यांच्याने होईना. आम्ही बांधापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागे घण सुरू झाले.

त्या पावसाळ्यात उघडीप मिळेल तसे सुरुंग उडत राहिले. झऱ्याचं पाणी आधी दुधासारखं पांढुरकं झालं, मग बारीक. तुळशीचं लग्न लागेपर्यंत अर्धी टेकडी फुटली होती, चुलमाटीने अडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिवाळीनंतर मोर दिसले नाहीत. होळीपर्यंत तळातली वाळू उघडी पडली.

मग एके दिवशी सासूबाई घागर घेऊन गेल्या आणि खूप वेळ आल्याच नाहीत. मी पाहायला निघाले, तर त्या बांधावरून येताना दिसल्या. घागर डोक्यावर होती, एक हात तिला लावलेला, मान ताठ, पावलं जपून, जसं काठोकाठ भरलेलं पाणी हिंदकळू द्यायचं नाही. मी पुढे होऊन घागर उतरवून घेतली. ती हलकी होती. मी ती माझ्या डोक्यावर घेतली आणि तशीच, जपून पावलं टाकत, घराकडे निघाले.