तुळईची कडी

शेतातल्या खोलीत सूनबाई पाळण्याची दोरी घेऊन उभी आहे. "मामा, ह्या कडीलाच बांधू का?"

ही खोली आम्हीच बांधली, भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात. वडिलांनी बाजारातून जुनी सागवानी तुळई आणली होती. भाऊबंदांनी, मित्रांनी ती खांद्यावर घेतली. लाकडाला अजून चुलीच्या धुराचा वास होता. पाणी घेऊन आलेली आत्या तुळईतली लोखंडी कडी बघून थबकली.

"दादा, ही आमच्या घरची तुळई हाय. हिच्याखालीच माझं लेकरू गेलं."

खांद्यावरची तुळई खाली ठेवायलाही कुणी धजेना. वडील एवढंच म्हणाले, "वर चढवा."

वाटलं, आत्या पुन्हा इथं पाऊल ठेवणार नाही. पण ती दर उन्हाळ्यात येते, त्या रिकाम्या कडीला तेल लावते. "करकरली की लेकरू उठतं," म्हणते.