साठाची पाटी आणि भावी सरपंच

सोलापुरातून निघाले तेव्हा उजाडायचं होतं. शेजारच्या सीटवर फाईल, मागच्या सीटवर पाण्याची बाटली आणि दशम्यांचा डबा. हौसेचा प्रवास नव्हता. मी बीडच्या कोर्टात सरकारशी भांडायला निघाले होते, तेही वेगाने गाडी चालवल्याच्या एका चलानावरून.

आधी ते चलान सांगते. मावसबहीण करुणा बीडला वकिली करते. पावसाळ्यात तिच्याकडून परतीच्या वाटेवर असताना चौसाळ्याजवळ माझ्या गाडीचा फोटो निघाला. मोबाईलवर निरोप आला की साठाची मर्यादा होती आणि माझा वेग शहात्तर होता. वेग खोटा आहे असं मी कधीच म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच की साठाची पाटी तिथे नव्हती. असती तर मला दिसली असती. मी बायकांना मोटार शिकवते आणि पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट त्यांच्या कानीकपाळी ओरडते, आधी पाटी वाच, मग पाय दाब.

सगळे म्हणाले, भरून टाका, मोबाईलवरून दोन मिनिटांत होतं. मीही भरलं असतं कदाचित. पण माझ्याकडे सुनंदा शिकायला येत होती. घरी गाडी नुसती उभी, नवऱ्याला चालवायचा कंटाळा, आणि तिची आई अक्कलकोटला अंथरुणावर. स्वतः चालवत आईकडे जायचं एवढंच तिच्या मनात होतं. माझ्या चलानाची बातमी कुठून तरी तिच्या नवऱ्याच्या, सुधाकररावांच्या, कानावर गेली आणि त्यांनी तिचा क्लास बंद केला. "जिला स्वतःला चलान येतं, ती बाई काय गाडी शिकवणार?" असं ते म्हणाले. सुनंदाने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका लहान झाला होता की माझं डोकंच फिरलं. आधी मोबाईलवरून तक्रार केली, ती फेटाळली गेली. मग चलान मान्य नाही असं कळवलं, तेव्हा प्रकरण बीडच्या कोर्टात गेलं. पहिल्या तारखेला न्यायाधीशबाईंनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी म्हटलं, "मान्य नाही." आता पुराव्याची तारीख होती, आणि पुरावा म्हणून माझ्याकडे माझ्या तोंडाशिवाय काही नव्हतं. म्हणून मी एक दिवस आधीच निघाले.

येरमाळ्याला चहा घेतला. पाऊस नुकताच सरला होता, सोयाबीनची काढणी चालू होती आणि रस्त्याच्या कडेने मळणीयंत्रांचा भुसा उडत होता. चौसाळ्याच्या अलीकडे, जिथे फोटो निघाला होता, तिथे गाडी बाजूला घेतली. उतरून रस्ता ओलांडून पाहते तर समोर पाटी! पांढरा गोल, लाल कडा, मधे साठ. अगदी ठसठशीत. म्हणजे मीच आंधळी?

पाटीच्या मागच्या पडीक रानात मेंढपाळांचं बिऱ्हाड उतरलं होतं. दोन पालं (राहुट्या), भोवती मेंढरं, चार शेळ्या आणि एक चिडका कुत्रा. पालाजवळ एक म्हातारी लोकर निवडत बसली होती.

"आजी, ही पाटी आधीपासूनच आहे का हो इथे?"

"हाय की. पन दिसती कुठं?" म्हातारी म्हणाली. "कुनाचा ना कुनाचा वाढदिस ऱ्हातोच. एकाचं फाटलं की दुसऱ्याचं लागतंय. आता आमी दोऱ्या सोडल्या म्हनून उघडी दिसतिया."

"दोऱ्या सोडून त्या फ्लेक्सचं काय केलंत?"

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "कावून इचारता? सरकारी हाय का तुमी?"

मी फाईल उघडून चलान दाखवलं, सगळी कथा सांगितली. तिला पटलं असावं. ती हसली आणि तिने मागच्या पालाकडे बोट केलं. पालावर ताडपत्रीच्या जागी एक भलामोठा फ्लेक्स ताणलेला होता. त्यावर काळा गॉगल लावलेला, हात जोडलेला एक तरुण उलटा लटकत होता आणि त्याच्या कपाळाखाली दोन कोकरं झोपली होती.

"लई टिकाऊ हाय," आजी म्हणाली. "थेंब आत येत न्हाई."

मी मान वाकडी करून वाचलं. भावी सरपंच मा. नवनाथभाऊ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. खाली तारीख. माझ्या चलानाच्या आदल्याच दिवशीची! आणि मला एकदम तो गॉगल आठवला. त्या दिवशी हा चेहरा मी पाहिला होता. पाटी दिसली नव्हती, पण हा बाबा चांगला दिसला होता. मी आनंदाने टाळीच वाजवली. तेवढ्यात एका शेळीने माझ्या फाईलमधून चलानाची प्रत ओढली आणि अर्धी चघळून टाकली. आजी काठी घेऊन तिच्यामागे धावली. मी म्हटलं, "राहू द्या हो, तिला तरी पचू दे."

फ्लेक्सवर गावाचं नाव होतं, लिंबागणेशच्या जवळची एक वस्ती. फ्लेक्सचे फोटो काढून मी निघाले. मांजरसुंब्याच्या चौकात टोपल्या भरून सीताफळं विकायला बसलेल्या बायका होत्या. एक टोपली घेतली, कारण कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि मी तर या भावी सरपंचाकडे फार मोठं मागायला चालले होते. तिथूनच पाटोद्याच्या रस्त्याला वळले. लिंबागणेशच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले आणि वस्ती विचारत विचारत पोचले.

नवनाथभाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. फ्लेक्सवरचा करारी चेहरा प्रत्यक्षात बराच गोड होता. सोलापूरची बाई आपला फ्लेक्स पाहून भेटायला आली म्हटल्यावर ते उभेच राहिले.

"फोटो नीट आलाय ना ताई? लांबून दिसतो ना?"

"तेवढंच दिसतं," मी म्हटलं.

"हायवेला लावल्याबिगर नाव व्हत न्हाई. चौसाळ्यापर्यंत मुद्दाम गेलतो आमी." त्यांनी लगेच मोबाईल काढला. "हे बघा, लावतानाचा व्हिडिओ. मीच काढलाय."

व्हिडिओत गाणं दणदणत होतं. दोन कार्यकर्ते शिडीवर. फ्लेक्स खालून वर चढत गेला आणि साठाचा लाल गोल नवनाथभाऊंच्या हनुवटीमागे हळूहळू गडप झाला. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

त्यांची बायको, मंदा, जेवायला वाढत होती. शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून लसणाच्या पाण्यात शिजवलेले तुकडे) आणि वर कच्चं तेल. दोन घास पोटात गेल्यावर मी मुद्द्यावर आले. त्यांनी उद्या कोर्टात येऊन हा व्हिडिओ दाखवावा. भाऊ तर खूशच झाले. कोर्टात आपला व्हिडिओ म्हणजे काय!

"आन् दंड यांनाच बसला तर?" मंदा वाढता वाढता थांबली. "सरकारी पाटीवर बांधलंय ते."

भाऊंच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता आलं असतं, आणि क्षणभर तोंडावर आलंही.

"बसेल," मी म्हटलं. "नक्की सांगता येत नाही, पण बसू शकतो."

"मग कावून यावं मी? निवडणूक तोंडावर हाय ताई. समोरचा गट गावभर वाजवत फिरंल."

त्यांचं चूक नव्हतं. तरी मला राग आला, त्यांचाही आणि स्वतःचाही. मी सुनंदाची गोष्ट सांगितली, जरा जास्तच मोठ्या आवाजात. तुमच्या हनुवटीपायी तिकडे एका बाईची गाडी बंद पडली, असंही म्हणाले. ते ताटातलं शेंगोळं बोटाने फिरवत राहिले. मंदाने मात्र विचारलं, "त्या ताईला येत होती का गाडी?"

"गिअर बदलायला लागली होती. घाबरायची, पण सोडत नव्हती."

"बघतो," भाऊ म्हणाले. पुढाऱ्याचं बघतो म्हणजे काय हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मी सीताफळं ठेवली आणि निघाले.

बीडला करुणाच्या दारात "जय भीम" झालं, चहा झाला, आणि मी मोबाईलमधले फ्लेक्सचे फोटो तिला दाखवले. ती म्हणाली, "फ्लेक्स होता एवढं यातून कळतं. पाटीवर होता हे कसं कळणार? व्हिडिओ हवा, आणि नुसता व्हिडिओ चालत नाही, तो काढणारा माणूस उभा राहायला हवा. उद्या माझी दुसऱ्या कोर्टात सुनावणी आहे, तुझी बाजू तुलाच मांडायची आहे. तो आला नाही तर चलान केलेल्या हवालदाराला तरी प्रश्न विचार. भाषण करू नकोस, प्रश्न विचार." मग म्हणाली, "आणि हरलीस तर रडू नकोस. मला तुझा स्वभाव माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी होती. बाकावर शेजारी एक दुधाचा टेम्पोवाला बसला होता, तोही चलानासाठी आलेला. माझी कथा ऐकून म्हणाला, "भरा आन् जावा घरी. भांडून कुनाचं भलं झालंय?" मी म्हटलं, "न भांडून कुणाचं झालं?" त्याने तंबाखूची पुडी काढली आणि विषय संपवला. मी गेटकडे पाहत होते. नवनाथभाऊंचा पत्ता नव्हता.

पुकारा झाला. न्यायाधीशबाई तरुण होत्या, घाईत होत्या. सरकारी वकिलांनी स्पीड गनचं प्रमाणपत्र दिलं, फोटो दिला आणि हवालदाराची साक्ष घेतली. मग माझी पाळी आली.

"साठाची पाटी तिथे आहे असं तुम्ही सांगितलं," मी विचारलं. "त्या दिवशी ती तुम्ही पाहिलीत का?"

"पाटी कायमची हाय तिथं."

"त्या दिवशी पाहिलीत का?"

हवालदार सरळ माणूस होता. म्हणाला, "आमची गाडी पाटीच्या पुढं उभी ऱ्हाते. पाटी मागं पडती. न्हाई पाहिली."

न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "तुमचा साक्षीदार आहे का कुणी?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि दारातून "हाय, हाय!" असा आवाज आला. नवनाथभाऊ! पांढरा शर्ट, गॉगल, मागे मंदा. शिपायाने डोळे वटारले तसा त्यांनी गॉगल काढून खिशात घातला. त्यांनी शपथ घेतली. व्हिडिओ कधी काढला, कुणी काढला, सगळं सांगून झालं. न्यायाधीशबाईंनी मोबाईल हातात घेऊन तो पूर्ण पाहिला.

"फ्लेक्स लावल्यावर पाटी दिसत होती का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मॅडम. माझ्या हनुवटीमागं गेलती."

कोर्टात हशा पिकला. सरकारी वकीलही खाली मान घालून हसले.

"सरकारी पाटी झाकणं हा गुन्हा आहे हे माहीत आहे तुम्हाला?"

भाऊंनी दाराकडे पाहिलं. मंदा पदराला हात पुसत तिथेच उभी होती. "घरच्यांनी काल सांगितलं, मॅडम. माझा काय असंल तो दंड लावा. ताईचा नका लावू."

दुपारनंतर निकाल झाला. जी मर्यादा वाहनचालकाला दिसूच शकत नव्हती, ती मोडल्याचा दोष त्याच्यावर लावता येत नाही. मी निर्दोष. नवनाथभाऊंना तिथेच झापलं आणि त्यांच्यावर वेगळी कारवाई करायला सांगितलं. व्हरांड्यात मला रडू आलंच. करुणा म्हणाली, "सांगितलं होतं ना!" आणि स्वतःचे डोळे पुसायला लागली. भाऊंना दंड झाला तर तो मी भरते असं मी म्हणत होते, तर मंदानेच दटावलं, "ऱ्हाऊ द्या ताई. ह्यांच्या हनुवटीचं हेच भरतील."

निकालाची नक्कल मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. ती फाईलमध्ये नीट ठेवून परत निघाले. येताना एकटीच पुटपुटत होते, आता सुधाकररावांसमोर काय बोलायचं ते ठरवत होते. या देशात खरं बोललं म्हणून सुटका होत नाही. खऱ्यासाठी दोन जिल्हे ओलांडावे लागतात, सुट्टी घालवावी लागते, आणि कुणातरी परक्या माणसाने स्वतःचं नुकसान करून उभं राहावं लागतं. म्हणून तर लोक भरून टाकतात. मला त्यांचा राग येत नाही. मला फक्त भरायचं नव्हतं.

सोलापुरात शिरले ती घरी न जाता थेट सुनंदाच्या दारात. सुधाकररावांनी नक्कल हातात घेतली आणि शिक्क्यापर्यंत शांतपणे वाचली.

"बरं झालं, अभिनंदन," ते म्हणाले. "पण आता दिवाळी आली. फराळ आहे, साफसफाई आहे. क्लासचं दिवाळीनंतर बघू."

माझ्या लक्षात आलं, चलान निमित्त होतं. ते मिटलं, आता दिवाळी. दिवाळीनंतर लग्नसराई. एवढा प्रवास, एवढं कोर्ट, नवनाथभाऊंचा दंड, सगळं ज्या दारासाठी केलं ते दार जागचं हललं नव्हतं. तिथे मला प्रश्न विचारायचा अधिकार नव्हता आणि माझा साक्षीदारही नव्हता.

सुनंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, हाताला बेसन लागलेलं.

"मला मान्य नाही," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. सुधाकररावांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही, म्हणून त्यांनी "काय?" विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मग नळाखाली हात धुतले, खुंटीवरची त्यांच्या गाडीची किल्ली घेतली आणि माझ्या आधी बाहेर पडली. मी डावीकडच्या सीटवर बसले तोवर तिने पट्टा लावला होता. "अक्कलकोट रस्ता," ती म्हणाली, आणि आरशात बघून गाडी सुरू केली.