कादरभाईंचा हात

फोन जोशीबाईंचा होता, आमच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या. "कादरभाई गेले. परवा दफन झालं. कळवायचं म्हणून कळवलं, तू जाशील असं काही मी धरलेलं नाही," म्हणाल्या आणि फोन ठेवला. बोलणं खोटं नव्हतं. नाना पेठेतल्या त्या घराची पायरी मी सत्तावीस वर्षं चढलो नव्हतो... का, ते आज लिहितो आहे.

काचेचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेल्या पत्र्यांवर आमचं काम चालायचं. आपण त्याला सरसकट फायबर म्हणतो. ते गंजत नाही, पण पाणी पितं, फार सावकाश. किती पितं हे कळायला बोटभर तुकडे महिनोन्महिने कोमट पाण्यात ठेवायचे आणि ठरावीक दिवशी काढून वजन करायचं. अंगावरचं पाणी टिपायचं, पोटातलं निघता कामा नये. सगळी मेख त्या टिपण्यात. कादरभाई धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल तीन वेळा नुसती टेकवत. मी पहिल्या आठवड्यात तुकडा खसाखसा पुसला, तेव्हा म्हणाले, "अहो साहेब, न्हाऊन आलेलं बाळ आहे ते, स्कूटर नव्हे."

वयाने ते माझ्या वडिलांएवढे, आणि मी नुकताच पीएच.डी. झालेला. मी कॉम्प्युटरवर मॉडेल बसवलं होतं. वजन आधी भराभर वाढतं, मग मंदावतं, शेवटी रेघ सपाट; तुकड्याचं पोट भरलं. त्यावरून पत्रा किती वर्षं टिकेल ते सांगायचं. आठ महिने कादरभाईंचे आकडे माझ्या रेघेवर ओवल्यासारखे बसले. नवव्या महिन्यात वजन पुन्हा चढू लागलं. मी परत करायला लावलं. तेच आलं.

"पाणी थांबलेलं नाही साहेब. आत कुठेतरी त्याला जागा झालीय."

"मॉडेलप्रमाणे थांबायला हवं."

"मग मॉडेलला सांगा समजावायला. पाण्याने काही तुमचा प्रबंध वाचलेला नाही."

मी हसलो. पण सोमवारी अहवाल द्यायचा होता, आणि रेघ फार सुंदर होती. अहवाल इंग्रजीत होता. त्यातल्या एका वाक्याचा अर्थ एवढाच, की शेवटचे पाच आकडे टिपणाऱ्याच्या हातचुकीमुळे वगळले आहेत. बैठकीत संचालकांनी विचारलं, "हात कोणाचा?" मी नाव सांगितलं. कादरभाईंना बोलावलं गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी कागदाकडे. "साहेब शिकलेले आहेत," ते म्हणाले, "म्हणतात तर झाली असेल चूक." पुढच्या आठवड्यात त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. मलमलीचा तुकडा घडी करून माझ्या टेबलावर ठेवून गेले.

दोन वर्षांनी गिऱ्हाइकाकडून पत्रे परत आले. पापुद्रे सुटलेले. सूक्ष्मदर्शकाखाली धागा आणि रेझिन यांच्यामध्ये फट दिसली, आणि फटीत पाणी. जागा झाली होती. मी मॉडेल सुधारलं, त्या फटीचा हिशोब त्यात घातला, आणि पुढे त्याच कामावर माझं नाव झालं. तोवर कादरभाई निवृत्त झाले होते. जाऊन सांगू, ईदला जाऊ, निदान फोन करू... रविवार पेठेत दोनदा समोरून येताना दिसले, मी रस्ता ओलांडला.

जोशीबाईंच्या फोननंतर तीन आठवड्यांनी गेलो. दार कादरभाईंच्या मुलीने उघडलं, नसीम, शाळेत शिक्षिका. नाव सांगताच म्हणाली, "काका, तुम्ही! अब्बा तुमच्या हुशारीचं किती सांगायचे!" याच्यापेक्षा तिने दार लावलं असतं तर बरं झालं असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याची काचेची बरणी होती. पाण्यात आमचा एक तुकडा, चौदा नंबरचा. टाकून दिलेल्यांतून त्यांनी उचललेला. शेजारी वही. दर शुक्रवारी नमाज झाली की बरणी घेऊन ते रविवार पेठेतल्या सोनार मित्राच्या काट्यावर जात.

मला वाटलं, माझ्याविरुद्धचा पुरावा आहे. वही उघडली. प्रत्येक तारखेला तीनदा टिपून घेतलेली तीन वजनं, आणि समासात एकच शेरा: "हात बरोबर." कुठे, "आज हात थरथरला. पुन्हा घेतलं. बरोबर." ते पाणी तपासतच नव्हते. इतकी वर्षं ते स्वतःचा हात तपासत होते... कारण मी तसं म्हणालो होतो.

"यात नेमकं काय आहे, काका? आम्हाला कधी सांगितलं नाही त्यांनी."

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, मोठ्याने. तिने वही मिटली.

"हे त्यांच्यासमोर बोलायला हवं होतं, सर," म्हणाली. काकाचा सर झाला होता. निघताना मी बरणी मागितली. "ती इथेच राहील. तुम्ही शुक्रवारी येत जा."

चार शुक्रवार जातो आहे. बरणी सोनाराकडे नेतो, परत खिडकीत आणून ठेवतो. सोनार काही विचारत नाही, काटा पुढे सरकवतो. मलमल तीच आहे, माझ्या खणात घडीतच राहिलेली. तीनदा टेकवतो, पुसत नाही. काल माझी तीन वजनं एकमेकांशी जुळली नाहीत. कादरभाईंच्या अक्षराखाली, समासात लिहिलं: "हात चुकला." आणि पुढे माझं नाव.