पाळीवरची जागा

वामनभाऊंनी पंचवीस हंगाम माझं डोकं खाल्लं. झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीचे ते गीतकार, मी पेटीवाला. धान निघालं की वडशाहून आमची गाडी गावोगाव फिरे. नायिका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी राहून नवऱ्याची वाट पाहते, हे त्यांचं गाणं लोकांना हवंच असे. पण हा माणूस ते सरळ गाऊ देईल तर शपथ. गावात उतरलो की चहा सोडून तिथल्या तलावावर जायचं, नाव विचारायचं आणि ते गाण्यात घालायचं. नाव लांब निघालं की चाल बसवताना मी घामाघूम.

"भाऊ, एक नाव पक्कं करा हो," मी हात जोडायचो.

"काऊन? दुसऱ्या गावच्या पाळीवर कायले उभी करू तिले, मास्तर?"

मग सिनेमावाल्यांनी ते गाणं घेतलं, सिंदेवाहीकडच्या रानबोडी तलावाचं नाव घालून. गाणं घरोघरी वाजलं, भाऊंना बक्षीस मिळालं, शाल मिळाली. पुढच्या हंगामात आरमोरीकडे त्यांनी सवयीने तिथल्या तलावाचं नाव घातलं, तर लोकच म्हणाले, चुकलं, रानबोडी म्हणा. भाऊ विंगेत मटकन खाली बसले.

"बक्षीस भेटलं न् गानं गेलं माह्यं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी वही घेऊन मागे लागलो. गाणी कुठे लिहिलेली नव्हती, भाऊ थकत चालले होते. सांगा, पुस्तक काढू, नाहीतर सगळं तुमच्याबरोबर जाईल, असं तोंडावर बोललो. "पुस्तकातबी एकच नाव येईन. नाई," म्हणाले. असला अडेलतट्टू माणूस! मी दोन महिने बोललो नाही.

शेवटी भाऊंना चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा गेलो, वही घेऊनच. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या गावच्या तलावाचं नाव काय हाय?"

इतक्या वर्षांत आमचा प्रयोग माझ्या गावी कधी झाला नव्हता. मी नाव सांगितलं. ते घालून भाऊंनी गाणं पूर्ण म्हटलं, धापा टाकत. मला रडू आवरेना.

"आता लिहा," ते म्हणाले. "पन नावाची जागा सोडजा." मग बाकीचीही सांगितली, चार दिवस. पाचव्या दिवशी गेले.

पुस्तक आता छापायला गेलंय. मुद्रितं तपासणारे गृहस्थ रोज फोन करतात, ओळ अपुरी आहे म्हणून. काल फार वैतागले होते.

मी त्यांना विचारलं, "तुमच्या गावच्या तलावाचं नाव काय?"