खुडूक बसलेले साडू

आमच्या साडूंइतका अंड्याचा मान राखणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांनी जन्मात एकही अंडं खाल्लं नाही. मोताळ्याच्या हायस्कुलात ते शास्त्र शिकवायचे. परदेशात अंड्याच्या कवचाला खिडकी पाडतात आणि आत पिल्लू कसकसं घडतं ते रोज बघतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि माझ्या मेहुणीच्या संसाराला ग्रहण लागलं. त्या लोकांकडे विजेच्या पेट्या. साडूंकडे एक कंदील, सरकीनं भरलेलं खोकं आणि भलताच उत्साह! बाजाराच्या दिवशी ते अंडी विकणाऱ्या इमामबीपुढे उकिडवे बसून एकेक अंडं उन्हात धरून बघत. "घेनं असंन त घ्या मास्तर, पोरगी पाहून राह्यले का?" म्हणून ती करवादायची.

कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, वर काचेची चकती ठेवून मेणानं बंद करायची. तिसऱ्या दिवशी आत एक लाल ठिपका उडताना दिसे. ते काळीज. घरी आलेल्या माणसाला पाण्याआधी ते काळीज बघावं लागे, मग तो जनगणनेवाला का असेना. पुढे पुढे साडू माणसंही त्याच मापानं मोजू लागले. नवं राज्य झाल्यावर एक पुढारी गावात तासभर बोलून गेले, तेव्हा साडू म्हणाले, "तिसऱ्या दिवसाचं अंडं हाय. काळीज लय धडधडते, पायाचा पत्ता नाई." हेडमास्तरांविषयी जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खिडकीतून बघितलेलं एक तरी पिल्लू कवच फोडून बाहेर यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण कंदील विझायचा, अंडी गार पडायची. खुडूक कोंबडीखाली ठेवली, तर ती नेमकी खिडकीवर चोच मारायची. शेवटी साडूंनी एक अंडं मऊ फडक्यात गुंडाळून पोटाला बांधलं आणि स्वतःच खुडूक बसले. "माह्या बाळंतपनात या मानसानं घटकाभर बूड टेकलं नाई, अन् आता अंडं उबवते!" मेहुणीनं कपाळावर हात मारला. फक्त त्यांची लेक सुमन बापाच्या बाजूची. दिवसातून तीनदा ती अंडं फिरवून द्यायची आणि बापाला बिलगायची तीही बाजूनं, अंडं सांभाळून.

पिल्लू बाहेर यायला एकवीस दिवस लागतात. बाराव्या दिवशी साडूंच्या ध्यानात आलं, की सुमनचं लग्न एकोणिसाव्या दिवशी येतंय. भटजींना जाऊन विचारलं, मुहूर्त दोन दिवस पुढे सरकतो का! तेवढ्यापुरतं मी माझं पोट देऊ केलं, तर म्हणाले, "नाई, तुमी हासता लय."

झालं! लग्नात व्याहीभेटीची वाजंत्री वाजली. उंद्रीचे व्याही धिप्पाड, गळ्यात तुळशीची माळ. हात पसरून पुढे आले, तर साडू दोन पावलं मागे सरून नमस्कार करताहेत.

"काऊन हो मास्तर? आमाले गळ्याले लावाची लाज वाटते काय?"

वऱ्हाडात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "चाला रे, जुंपा गाड्या." माळकऱ्यापुढे भर मांडवात पोटावरून अंडं सोडायचं, म्हणजे लग्न तिथंच मोडलं असतं. साडूंनी एकदा बोहल्याकडे बघितलं, कोटाची बटणं लावली आणि पुढे होऊन व्याह्यांना कडकडून मिठी मारली. तो बारीकसा आवाज वाजंत्र्यात फक्त मला ऐकू आला. जेवणं होईपर्यंत त्यांनी कोट काढला नाही. भर उन्हाळ्यात, हसत हसत पंगतीत आग्रह करत होते. मी मात्र त्या दिवशी हसलो नाही.

निरोपाच्या वेळी सुमन सवयीनं बाजूनंच बिलगली. साडूंनी तिला खांद्याला धरून समोर घेतलं.

"ये माय, अशी ये. आता काई नाई तठी."

तिनं वर बघितलं. "दोनच दिवस राह्यले व्हते, बाबा," म्हणाली, आणि मग जी रडली, ती काही केल्या थांबेना. सासरी जाताना सगळ्याच मुली रडतात, असं म्हणत व्याह्यांनी तिला गाडीत बसवलं.