लाल पट्टीचं पुस्तक

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि ती रहस्यकथा होती. हे मला इतक्यांदा सांगावं लागलं, की शेवटी माझाच त्यावरचा विश्वास उडत चालला. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मालकाचा खून होतो, पांढरकवड्याच्या ढाब्यावर एका ट्रक ड्रायव्हरवर संशय येतो आणि खुनी भलताच निघतो, अशी साधी गोष्ट. पण कापसाची ती वाईट वर्षं होती. आमचं यवतमाळ म्हटलं की बाहेरच्यांना एकच गोष्ट सुचायची, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. प्रकाशकानं मुखपृष्ठावर भेगाळलेली जमीन छापली. कुठं सत्काराला बोलावलं, की 'शेतकऱ्यांची व्यथा मांडणारे' अशी ओळख करून देत. मी नारळ घेऊन गुपचूप खाली बसत असे.

आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या पाठीला खळीनं रंगीत पट्टी चिकटवायची पद्धत होती. रहस्यकथेला लाल, ग्रामीणला पिवळी. ग्रंथपाल पुस्तक उघडायच्या भानगडीत पडत नसत. त्यांनी माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलं आणि पिवळी लावली.

"अहो, यात खून आहे," मी म्हणालो.

"गावातच झाला ना?"

लाल पट्टीची पुस्तकं हाताळून हाताळून फाटलेली, पिवळ्या कपाटाला मात्र कोणी शिवत नसे. माझं पुस्तक तिथं कोरं करकरीतच म्हातारं होणार, याचं फार वाईट वाटलं. एकानं तरी ते खुनी शोधत वाचावं, एवढीच माझी हाव होती.

लाल कपाट सगळं संपवलेली एकच बाई होती, आमच्या शेजारच्या मेकॅनिकची बायको. एका संध्याकाळी ती रिकाम्या हातानं परत निघाली, तेव्हा लाज सोडून मी माझं पुस्तक पुढं केलं. तिनं पट्टी पाहिली आणि हात मागे घेतला.

"नाही भाऊ. पिवळ्याचा शेवट मले पहिलेच मालूम राह्यते."

"तो कसा?"

"शेतकरी मरते. आता पुस्तकात बी तेच कायले वाचू?"

मी पुस्तक तसंच पुढं धरून म्हणालो, "भाभी, यात शेतकरी नाही मरत."

"मंग कोन मरते?"

"जिनिंगचा मालक."

ती थांबली. पुस्तक माझ्या हातातून घेऊन तिनं पिशवीत टाकलं. मी आणखी काही सांगायला तोंड उघडलं, तशी म्हणाली, "बस. कोनं मारलं थे नका सांगू आता."