जवसाच्या तेलाचा रंग

आर्णीत आमच्या शेजारणीचं बांगड्यांचं दुकान आहे. नेरला राहणाऱ्या धाकट्या भावानं तिला आपल्या लिव्हरचा तुकडा दिला. तुकडा छान रुजला, पण जोडाजवळ पित्ताची नळी आवळली. म्हणून तिच्या बरगडीतून एक बारीक नळी बाहेर काढलीय आणि पित्त पिशवीत उतरतं. त्या पिशवीला तिनं खणाची झोळी शिवली. कोणी विचारलंच तर म्हणते, "माही पर्स हाय."

रोज सकाळी भावाचा फोन येतो. तिचा फोन कायम स्पीकरवर.

"रंग कसा हाय?"

"जवसाच्या तेलावाणी!"

परवा पिशवी कोरडी पडली आणि तिला ताप चढला. नळी तुंबली होती. नागपूरची बस धरायला मी तिच्यासोबत निघाले.

"त्याले सांगू नका, ताई. आपलाच तुकडा नासका निघाला, असं वाटते त्याले."

स्टँडवर फोन वाजलाच.

"जवसाच्या तेलावाणी! बाजारात आली मी," ती खणखणीत बोलली आणि मला कोपरानं ढोसलं.

मी ओरडले, "वांगे घ्या, वांगे!"

तेवढ्यात मागून कंडक्टरची हाक आली, "नागपूर, नागपूर!"

"बरं," तो म्हणाला, "नागपूरले पोचली का फोन करजो."